एकटीचं ताट

आपल्या गावात एकटी बाई हॉटेलात जाऊन जेवते का हो? चहाचं नाही म्हणत मी. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत पदराआड खाल्लेल्या वडापावचंही नाही. पंख्याखालच्या टेबलाशी बसून, ताट मागवून, सावकाश जेवणारी एकटी बाई तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? गेलं वर्षभर मी हा प्रश्न महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, जिथे चार बायका भेटतील तिथे विचारते आहे. आधी सगळ्या हसतात. मग एखादी म्हणते, ''शी, एकटीनं काय जेवायचं? लोकांना वाटेल, घरात भांडून आली!''

बाहेर जेवणं म्हणजे आपल्याकडे सण. कोणाचा तरी वाढदिवस, मुलाचा निकाल, लग्नाचा वाढदिवस. तिथेही मुलांना काय हवं, सासूबाईंना काय चालत नाही, याचा हिशेब करत आपण मेन्यूकार्ड उजवीकडून, म्हणजे किमतींच्या बाजूने वाचत जातो आणि शेवटी सगळ्यांचं उरलेलं संपवतो. दुसरा प्रसंग म्हणजे दवाखाना नाहीतर कोर्टकचेरी. तेव्हा पोट भरायचं असतं, जेवायचं नसतं.

आणि तालुक्याच्या हॉटेलांवरची ती पाटी आठवते ना? 'फॅमिली रूमची सोय आहे'. कुणाची सोय? पुरुषाबरोबर आलेल्या बाईची. मी कामानिमित्त बरीच फिरते. एका गावी दुपारी दोन वाजता भुकेने जीव कासावीस झाला म्हणून एका हॉटेलात शिरले, तर वेटर म्हणाला, ''मॅडम, फॅमिली येतेय का मागून?'' नाही म्हटल्यावर तो गोंधळला. बाहेर बसवावं तर सगळी पुरुष मंडळी, आत बसवावं तर मी फॅमिली नाही! पोरगा भला होता, शेवटी कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलंन. पण मी जेवत होते तोवर निम्मं हॉटेल माझ्याकडे बघत होतं, आणि मी ताटाकडे.

हे असंच असतं, असंच चालायचं, असं मलाही वाटत होतं. वेगळं काही असू शकतं हे पाहिलं ते थेट पोलंडमध्ये. दचकू नका! माझी भाची तिथल्या व्रोत्सवाफ नावाच्या शहरात नोकरी करते. २०२३ च्या सप्टेंबरात तिच्याकडे तीन आठवडे राहून आले. आपल्याकडची बरीच मुलं-मुली आता तिकडे शिकायला, नोकरीला जातात, तेव्हा पोलंड हे नाव तुमच्याही कानावरून गेलं असेल. तर दुसऱ्याच दिवशी भाची म्हणाली, ''मावशी, आज मला सुट्टी नाही. दुपारी तू बार म्लेच्नीत जाऊन जेव. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे.''

बार! आणि वर म्लेच्नी! फोनवर सासूबाईंना हे नाव सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मला समजावून सांगावं लागलं की 'म्लेको' म्हणजे दूध आणि 'बार म्लेच्नी' म्हणजे दुधाचं उपाहारगृह. तिथे दारूचा थेंब मिळत नाही. पोळ्यांपासून सुपांपर्यंत दूध, पीठ, अंडी, बटाटे, कोबी यांचे साधे पदार्थ मिळतात, आणि तेही स्वस्त.

भाचीने पहिल्या दिवशी बरोबर येऊन सगळं दाखवलं. विद्यापीठाजवळ कुझ्निचा नावाचा रस्ता आहे, तिथलं हे 'मिश्' नावाचं दुकान. मिश् म्हणजे अस्वलाचं पिल्लू. दारातूनच रांग. आधी गल्ल्यावर काय हवं ते सांगून पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची. आपल्याकडे कूपन घेऊन डोसा घेतो, तस्संच. खिडकीपलीकडे पांढरे डगले घातलेल्या बायका. पदार्थ तयार झाला की ओरडून सांगतात, आपण उचलून आणायचा, मिळेल त्या खुर्चीवर बसायचं, जेवण झालं की ताटल्या दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायच्या. वेटर नाही, टिप नाही, 'आणखी काय आणू' नाही. टेबलं साधी, भिंती साध्या. डामडौल शून्य.

आता खाण्याचं सांगते, कारण तुम्ही तेच वाचायला थांबला आहात! पिएरोगी हा त्यांचा लाडका पदार्थ. मैद्याच्या पारीत सारण भरायचं, कड दाबून अर्धचंद्र करायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचा. म्हणजे उकडलेली तिखटमिठाची करंजी म्हणा ना. सारण बटाटा आणि पनीरसारख्या ताज्या चीजचं, कोबी आणि मश्रूमचं, नाहीतर मांसाचं. उन्हाळ्यात ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी घालून गोडही करतात. शाकाहारी मैत्रिणींसाठी एक सूचना: बटाट्याच्या पिएरोगीवरही वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे. म्हणून मागतानाच 'बेझ स्क्वारेक' म्हणायचं, म्हणजे ते तुकडे नकोत. मला भाचीने हे कागदावर लिहूनच दिलं होतं. त्याऐवजी परतलेला कांदा नाहीतर आंबट साय घालून देतात, ती छान लागते.

काकडीची कोशिंबीरही मिळाली! मिझेरिया म्हणतात तिला. पातळ काप, दह्याऐवजी आंबट साय. आणि तिच्यावर चिरलेला शेपू. शेपू तर त्या देशात कोथिंबिरीसारखा वापरतात, उकडलेल्या बटाट्यावर शेपू, सुपात शेपू. आमच्या घरात ज्या भाजीवरून दर आठवड्याला भांडण होतं ती तिथे अशी मानाने मिरवताना पाहून मला फार बरं वाटलं. बटाट्याच्या किसाची थालीपिठं, बिटाचं लालभडक सूप, राय नावाच्या धान्याचं पीठ आंबवून केलेलं झुरेक, जे पिताना आंबिलीची आठवण येते, पण त्यात बहुतेक सॉसेज असतं, तेव्हा विचारून घ्या. प्यायला फळं उकळून केलेलं कोम्पोत. आणि ताकाच्या जवळचं केफिर. चव अगदी सौम्य. चौथ्या दिवशी मी पिशवीतून लसणीची चटणी न्यायला लागले हे खरं. पण पोटाला कसला त्रास नाही. घरचं जेवल्यासारखं.

बटाटा-चीजच्या पिएरोगीला 'रुस्किए' म्हणतात. मला वाटलं रशियन. भाचीची मैत्रीण म्हणाली, तसं नाही, पूर्वी पोलंडच्या पूर्वेला रुथेनिया नावाचा मुलूख होता, त्यावरून ते नाव आहे. त्यातला मोठा भाग आज युक्रेनमध्ये आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर काही दुकानांनी तर पाटीवरचं नाव बदलून 'युक्रेनी पिएरोगी' असं केलं. महायुद्ध संपल्यावर सीमा सरकल्या, पूर्वेकडच्या पोलिश लोकांना घरंदारं सोडून पश्चिमेला यावं लागलं. व्रोत्सवाफ तोवर ब्रेस्लाउ नावाचं जर्मन शहर होतं, तिथे हे लोक येऊन वसले आणि आपल्या हातची करंजी घेऊन आले. कोल्हापूरच्या वाचक मैत्रिणींना यातला एक धागा जवळचा वाटेल. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत जे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, ज्यात बहुतेक बायका आणि मुलंच होती, ती मंडळीही मुख्यतः त्याच पूर्वेकडच्या मुलखातून सोविएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेली. घरातला पुरुष बेपत्ता, सैन्यात किंवा मेलेला, आणि पदरात लेकरं, अशा अवस्थेत त्यांनी आपल्या मातीत पाच वर्षं संसार केला.

पण मला सांगायचं आहे ते पदार्थांचं नाही. सांगायचं आहे ते शेजारच्या टेबलाचं.

मी त्या तीन आठवड्यांत दहा-बारा वेळा तरी तिथे एकटी जेवले. आणि दर वेळी माझ्यासारख्या आणखी चार-पाच एकट्या बायका असायच्या. एक आजी मला बहुतेक रोज दिसायच्या. सत्तरी-पंचाहत्तरीच्या असाव्यात. डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, ओठांना लिपस्टिक लावलेली. सूप आणि पिएरोगी नाहीतर सूप आणि पॅनकेक. खिडकीजवळची जागा पकडायच्या, टोपी काढून शेजारी ठेवायच्या, सावकाश अर्धा तास जेवायच्या. कोणी त्यांच्याकडे बघायचं नाही. त्यांच्याच टेबलाशी कधी कॉलेजची पोरं येऊन बसायची, कधी टाय लावलेला गृहस्थ, कधी रंगाने माखलेले मजूर. बसताना एकमेकांना म्हणायचे, 'स्माच्नेगो'. म्हणजे, जेवण चविष्ट लागो. संपला विषय. 'मुलं कुठे असतात आजी', 'एकट्याच का', काही नाही.

मला त्यांचा हेवा वाटला. परदेशातल्या इमारतींचा, रस्त्यांचा, आगगाड्यांचा नाही वाटला इतका त्या अर्ध्या तासाचा वाटला.

हे काय प्रकरण आहे म्हणून मी मग खोदून खोदून विचारलं, परत आल्यावर वाचलंही. पहिलं असं दूधगृह वॉर्सात १८९६ साली निघालं. स्तानिस्वाव द्वुझेफ्स्की नावाच्या एका जमीनदाराने, ज्याच्याकडे गाई होत्या, ते शहराच्या ऐन मध्यावर नोवी श्व्यात रस्त्यावर काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली, खासगी हॉटेलं बहुतेक सरकारजमा झाली आणि ही दूधगृहं गावोगावी निघाली. कामाच्या ठिकाणी कॅन्टीन नसेल त्यांना तिथे स्वस्तात गरम जेवण मिळावं म्हणून. त्या काळात पोलिश बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागल्या होत्या. चूल बाहेर नेली की बाई मोकळी होईल असं सरकारी भाषणांत म्हटलं जायचं. ती काही फारशी मोकळी झाली नाही! दिवसभर कारखाना, मग मांसासाठी, साखरेसाठी तासन्‌तास रांग आणि मग घरी येऊन स्वयंपाक. पण दुपारचं एक जेवण तरी तिच्या डोक्यावरून उतरलं.

सगळं गोडगोड होतं असंही नाही. सरकारी कारभार तो! १९८१ च्या 'मिश्' नावाच्याच एका गाजलेल्या विनोदी सिनेमात (आमच्या दुकानाचा त्याच्याशी संबंध नाही) स्तानिस्वाव बारेया या दिग्दर्शकाने दूधगृहाची अशी काही टर उडवली आहे की बस. वाडगे टेबलाला स्क्रूने पक्के केलेले, चमचे साखळीला बांधलेले! १९८९ नंतर राजवट बदलली, पिझ्झा आला, बर्गर आला, आणि बरीचशी दूधगृहं पटापट बंद झाली.

जी टिकली ती एका गोष्टीमुळे. तिथलं सरकार आजही या दूधगृहांतल्या बिनमांसाच्या पदार्थांना अनुदान देतं. दूध, पीठ, अंडी, भाज्या यांच्या पदार्थाला अनुदान आहे, मांसाच्या पदार्थाला नाही. म्हणून किमती कशा, पैशापैशाच्या हिशेबाने लिहिलेल्या, कुठेही गोल आकडा नाही. त्या अनुदानाचीही गंमत होते कधी कधी. २०१५ मध्ये तिथल्या अर्थखात्याने असा काही नियम काढला की अनुदानाच्या पदार्थात मीठ चालेल, पण इतर मसाला चालणार नाही. मिरी घातली की अनुदान गेलं! लोकांनी इतका आरडाओरडा केला की नियम बदलावा लागला. जिथे मसाला म्हणजे मिरी आणि तमालपत्र, तिथे ही तऱ्हा. आपल्याकडे असा नियम काढला असता तर काय झालं असतं?

आणि लोकांचं त्यावर प्रेम किती! वॉर्सात 'प्रासोवी' नावाचं जुनं दूधगृह २०११ च्या डिसेंबरात बंद झालं. तर शहरातली तरुण मुलं-मुली आत शिरली, जागेचा ताबा घेऊन स्वतः रांधायला आणि लोकांना वाढायला लागली. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पण गाजावाजा इतका झाला की २०१३ मध्ये ते पुन्हा दूधगृह म्हणूनच सुरू झालं. एका खानावळीसाठी आंदोलन!

तर मैत्रिणींनो, माझा मुद्दा या अनुदानापाशी आहे. ते अनुदान ताटाला आहे, माणसाला नाही. रांगेत उभं राहताना कोणी कार्ड मागत नाही, उत्पन्नाचा दाखला मागत नाही, फोटो काढत नाही. प्रोफेसरही तेच सूप घेतो, आजीही तेच घेते. त्यामुळे आजी 'गरीब' ठरत नाहीत. त्या फक्त जेवायला आलेल्या असतात.

आपल्याकडे स्वस्त जेवणाच्या योजना आल्या नाहीत असं नाही. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. मोठी धामधूम झाली, पुढे ती केंद्रं बंद पडली आणि बऱ्याच ठिकाणी त्या टपऱ्यांत भलतंच काही सुरू झालं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. लागलीच करोना आला, आणि त्या संकटात या थाळीने किती जणांना तारलं ते आम्ही काम करणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला मी नावं ठेवणार नाही. पण आमच्या भागातल्या केंद्रावर मी कितीतरी वेळा थांबून पाहिलं. रांगेत हमाल, रिक्षावाले, बाजाराला आलेले शेतकरी, शाळा सुटलेली मुलं. बायका? हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या, आणि त्याही बहुतेक फिरस्त्या.

मी आमच्या ओळखीच्या एका काकूंना म्हटलं, ''तुम्ही का जात नाही? घरापासून शंभर पावलांवर आहे.'' काकू विधवा, एकट्या राहतात. मुलगा पुण्याला, सून बोलावते पण यांचं मन तिथे रमत नाही. त्या म्हणाल्या, ''मी त्या रांगेत उभी राहिले की संध्याकाळपर्यंत गावभर होईल, पोरगा आईला घालत नाही म्हणून. त्याची अब्रू जाईल गं.''

मग त्या जेवतात काय? आमच्या मंडळातर्फे आम्ही गेल्या पावसाळ्यात गावातल्या एकट्या राहणाऱ्या बायकांकडे जाऊन आलो. विधवा, टाकलेल्या, अविवाहित, मुलं बाहेरगावी असलेल्या, एकूण एकेचाळीस घरं झाली. रात्री काय जेवलात, एवढंच विचारायचं ठरलं होतं. उत्तरं ऐकून आमच्यातल्या दोघी बाहेर येऊन रडल्या. चहा आणि खारी. चहा आणि टोस्ट. सकाळची अर्धी भाकरी दुधात कुस्करून. शेंगदाणे आणि गूळ. मुरमुरे. ''एकटीसाठी काय कुकर लावायचा'' हे वाक्य तर घरोघरी. यात पैसे नसलेल्या होत्या, तशा पेन्शन असलेल्या, स्वतःचं घर असलेल्याही होत्या. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या ओट्यावर सहा प्रकारची बिस्किटं डब्यांत नीट लावून ठेवलेली. जन्मभर दहा माणसांचं रांधलेला हात एकटीसाठी चालतच नाही. भूक लागते, पण कुणाला वाढायचं नसलं की स्वयंपाकच सुचत नाही. आमच्या आरोग्य शिबिरात याच बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघतं आणि डॉक्टरीणबाई गोळ्या लिहून देतात.

यावर मला लगेच ऐकवलं जातं, ''अहो, मग शेजारणींनी एक ताट पाठवावं.'' पाठवतात ना. सणाला पाठवतात. पोलंडमध्येही नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायची रीत आहे, अचानक कोणी आलं तर त्याच्यासाठी. सुंदर रीत आहे. पण वर्षातून एका रात्रीची. रोज कुणाच्या दारात ताट येणं हे घेणाऱ्या बाईला जड जातं, हे तुम्हाला-मला कळत नाही का? पैसे मोजून, आपल्या आवडीचं मागवून, चार माणसांत बसून जेवण्याची गोष्ट वेगळी आहे.

दुसरी तक्रार नेहमीची, आणि ती बायकाच करतात: ''आता बायकांना स्वयंपाकही नको झालाय!'' सासूबाईही आधी तसंच म्हणाल्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुमच्या मावशी गिरगावात खानावळ चालवायच्या ना? तेव्हा त्यांनी चाळीस जणांचं रांधलं ते कुणासाठी? पुरुषांसाठी. मुंबईत गिरण्यांच्या काळात हजारो बायकांनी चाळीतल्या खोल्यांमधून गिरणी कामगारांना जेवू घातलं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तोवर त्या बायकांना साधं बँकेचं कर्ज मिळत नव्हतं, सावकाराकडे जावं लागायचं. म्हणजे एकट्या पुरुषाला घरच्यासारखं ताट मिळावं ही सोय आपल्या समाजाने फार आधीपासून केलेली आहे. गावोगावी 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी आहे. गंमत म्हणजे पोलंडमध्येही अगदी हीच पाटी दिसते, 'ओबियाडी दोमोवे', घरगुती जेवण! पण आपल्याकडे त्या पाटीच्या आत बाई असते ती चुलीपाशी, टेबलापाशी नसते.

चुलीपाशी कोण, हा प्रश्न मात्र मला व्रोत्सवाफमध्येही छळत होता. त्या खिडकीमागे मला सगळ्या बायकाच दिसल्या. घामाने थबथबलेल्या, तासन्‌तास उभ्या. स्वस्त ताटाचा भार शेवटी स्वयंपाकिणीच्या पगारावर पडत असेल तर त्या ताटाचं कौतुक मी करणार नाही. आपल्याकडे शाळेतली खिचडी शिजवणाऱ्या बायकांना काय हातात पडतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे कुणी असं काही काढायचं म्हटलं तर पहिला हिशेब रांधणारीच्या मजुरीचा व्हावा, मग ताटाची किंमत ठरावी, आणि मधली फट नगरपालिकेने भरावी. रस्त्याच्या दिव्याला पालिका पैसे घालते तेव्हा आपण विचारतो का, उजेड गरजू माणसावरच पडतो ना म्हणून?

तिथली एक गोष्ट मला पटली नाही, तीही सांगते. बरीचशी दूधगृहं संध्याकाळी लवकर मिटतात. दुपारचं जेवण हेच त्यांचं मुख्य जेवण, म्हणून असेल. पण एकटेपणा खायला उठतो तो दिवेलागणीनंतर. आमच्या एकेचाळीस घरांत दुपारी बहुतेक जणी काहीतरी शिजवतात. रात्रीचं बिनसतं.

म्हणून आमच्या बचत गटाच्या नऊ जणींनी हिशेब मांडला आहे तो संध्याकाळचा. साडेसहा ते साडेआठ. भाकरी किंवा पोळी, एक पालेभाजी किंवा पिठलं, आमटी, भात, ताक. तांदूळ, डाळ, गॅस, जागेचं भाडं आणि रांधणाऱ्या तिघींची रोजची रीतसर मजुरी धरून एक ताट साठ रुपयांच्या आत बसत नाही. काकू म्हणतात, चाळीस असेल तर मी रोज येईन. ते वीस रुपये कुठून आणायचे यावर चार बैठका झाल्या. कोणी म्हणालं देणगी घ्या, दात्याचं नाव भिंतीवर लिहा. मी म्हटलं, भिंतीवर नाव आलं की त्या ताटाला धर्मादायाचा वास येणार आणि काकू येणार नाहीत. त्यापेक्षा दुकानदार, बँकेतली माणसं, बदलीवर आलेले एकटे मास्तर यांनाही येऊ दे, त्यांना साठाला ताट द्या, मंडळाच्या जेवणाच्या ऑर्डरी घ्या, आणि उरलेल्यासाठी पालिकेकडे अर्ज करा. भाजी मंडईमागे पालिकेचे चार गाळे वर्षानुवर्षं कुलूप लावून पडले आहेत. त्यातला एक नाममात्र भाड्याने द्या म्हणून आम्ही अर्ज केला, त्याला सात महिने झाले. दोनदा 'मिटिंगला ठेवतो' असं उत्तर मिळालं आहे. तिसऱ्यांदा आम्ही नऊच्या नऊ जाणार आहोत, आणि बरोबर काकू, त्या शिक्षिकाबाई आणि येतील तितक्या जणी.

एका मुद्द्यावर आमचंच अजून जमलेलं नाही. तिघींचं म्हणणं, फक्त बायकांसाठी ठेवू, म्हणजे मोकळेपणी बसता येईल. मला ते पटत नाही. पडदा लावलेली फॅमिली रूम आपण पाहिली, आता बायकांची वेगळी रूम कशाला? सगळ्यांना येऊ दे, सगळ्यांसमोर जेवू. पण शिक्षिकाबाई म्हणाल्या, ''तुम्हाला फिरायची सवय आहे. मला पहिले चार दिवस तरी भिंतीकडे तोंड करून बसायची जागा लागेल.'' तशी दोन टेबलं ठेवायची असं तूर्त ठरलं आहे.